मांडवातला बैल आणि काळी हार्डडिस्क

तळोद्यातून वर डोंगरात जाऊन लग्नांचं शूटिंग करणारा पहिला माणूस मी. माझी शाळा तिसरीतच सुटली. कॅसेटीवर नावगाव लिहायचं तर हात अडायचा, म्हणून मी चित्र काढायचो. ज्या लग्नात जे घडलं ते. वरातीची जीप नाल्यात रुतली तर जीप. मांडवात बैल शिरला तर बैल. ट्रंक उघडली की हात नेमका त्या लग्नावर जायचा.

सुरतेला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला हा पसारा वाटला. एका ईदला सगळ्या कॅसेटी पोत्यात भरून घेऊन गेला आणि पुढच्या ईदला काळी हार्डडिस्क आणि त्याच्या ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप ठेवून गेला.

"अब्बा, सगळी लग्नं यात आहेत. अजून कितीतरी मावतील."

"आणि कॅसेटी?"

"भंगारात दिल्या. बुरशी लागली होती."

"चित्रं होती त्यांच्यावर."

हसला. "नंबर टाकलेत ना मी!"

नंबर त्याचे. कुठल्या नंबरात कुठलं लग्न, ते त्यालाही ठाऊक नाही.

गेल्या बाजाराला वरच्या पाड्यावरची एक बाई आली. बाप वारला म्हणाली. त्याचा फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा. पण तिचं लग्न मी घेतलं होतं.

"चाचा, मन्हा बाप तेमा शे ना? चालता-बोलता?"

"कुठलं लग्न तुझं?"

"मांडवमा बैल घुसना व्हता ते!"

पूर्वी मिनिटाचं काम होतं. आता डिस्क लावली तर लॅपटॉपला ती दिसेचना. दोन तोंडांची वायर लॅपटॉपच्या दोन्ही भोकांत घातली तेव्हा कुठे डिस्क घुरघुरली. पडद्यावर गोल फिरत राहिलं. मग नंबरच नंबर. एकेक उघडत बसलो. परक्या नवऱ्या, परके ढोल. बाई मधेच म्हणायची, "ही मन्ही मामेबहीण! किती बारीक व्हती!" आणि पुन्हा पुढचं बघू लागायची. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

एकदाचा बैल आला. मागे तिचा बाप, खांद्यावर टॉवेल, हसत हसत बैलाच्या पाठीवर थापा मारत त्याला बाहेर ढकलत होता. बाई पडद्याला नाक लावून बसली.

तिच्या मोबाइलमध्ये घालून द्यावं म्हणून कॉपी लावली. डिस्क टकटक करू लागली आणि पडद्यावरून नाहीशी झाली. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मी म्हणालो, "पुढच्या बाजाराला ये. नीट करून देतो."

"पुढला बाजार कोनी दखा, चाचा? चालू कर, मी अशीच लेस." तिने मोबाइल काढून पडद्यासमोर धरला.

पडद्यावरचं पडद्यावरून घ्यायचं! मी हात आडवा धरला. तिने मोबाइल खाली घेतला नाही. मी हात काढून घेतला, डिस्क पुन्हा लावली आणि कॉपी न करता नुसतं लग्न चालू केलं.

घेतलं तिने. ट्यूबलाइटची चकाकी, तिचा हलता हात, मधेच माझा खोकला. मूळचं मी एका रेषेत न हलता, खांद्यावर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन, श्वास धरून काढलेलं होतं. ती मात्र खूश. "बस झायं, चाचा," म्हणत जीपकडे पळाली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "अब्बा, डिस्क चालते ना?"

"चालते," म्हणालो आणि फोन ठेवला.