शेजारच्या सीटचा ब्रेक

रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली आणि शॉक अब्सॉर्बर, ब्रेकपॅड स्वतःच बदलायला घेतले. जुना पॅड दाखवत म्हणाले, "बघ, पापडासारखा झालाय." मी तोवर आतल्या रबरी मॅट धुवायला काढल्या. माझ्या सीटपुढची मॅट उजव्या पावलाखाली पार झिजली होती. तिथे तर पेडलच नाही!

इतकी वर्षं घाटात, ट्रकच्या मागे, मी तिथे पाय दाबत आलेय. त्याने गाडी कधी थांबली नसणार. पण शेजारी बसणाऱ्याच्या हाती दुसरं असतं तरी काय? मुलगी पोहायला उतरली की मी काठावर श्वास रोखून धरायचे. पाण्याला त्याचं काय?

संध्याकाळी नवे ब्रेक बघायला उताराच्या रस्त्याने निघालो. वळणावर म्हैस आडवी आली. माझा पाय आपोआप दाबला गेला आणि गाडी अलगद थांबली.

"छान लागले हो ब्रेक," मी म्हणाले.

"मी आरशात बघत होतो. म्हैस दिसलीच नाही," हे म्हणाले. "तुझा पाय हललेला दिसला, म्हणून ब्रेक दाबला. नेहमीसारखा."