बुरुलकान एजेंचा आवाज

आत-बाशीच्या शाळेत बुरुलकान एजे, म्हणजे आमच्या बुरुलकानताई, इंग्रजी शिकवायच्या, आणि त्यांचा सगळा जीव बोलण्याच्या चालीत होता. शब्द काय, कोश उघडला की सापडतात, असं त्या म्हणत. आमच्या किर्गिझमध्ये जोर पडतो शब्दाच्या शेपटावर. पोरं इंग्रजीही तशीच बोलतात आणि ऐकणारा नुसता मान डोलवतो. म्हणून एजे बाकावर थाप मारत. "घोड्याची टाप पडते तिथे जोर. मधले शब्द गिळा, कोंबा, काय वाटेल ते करा, पण टाप चुकता कामा नये." मग ओठ मिटून वाक्य नुसतं गुणगुणायचं आणि वर्गाने ओळखायचं, बोलणारा विचारतोय, रागावलाय की लाडीगोडी लावतोय. पोरं हसून लोळायची. अख्ख्या खोऱ्यात असं इंग्रजी दुसऱ्या शाळेत नव्हतं, आणि एजेंना ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं. सिनेमे बघून इंग्रजी शिकलेली नुरझात शेजारच्या वर्गावर आली, तेव्हा त्या सगळ्या शिक्षकांदेखत म्हणाल्या, "बाजारातला घोडा आहे. दिसायला झोकदार, पाय कच्चे."

त्या शरदात त्यांचे यजमान सागिन गेले. खिंडीत ट्रक उभा करून चहा प्यायला बसले ते उठलेच नाहीत. अंगणात शोकासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. आमच्यात बायकोने भिंतीकडे तोंड करून, गेलेल्याचे गुण गात, सूर लावून रडायचं असतं. माणसं तो सूर ऐकतच दारात येतात. एजेंनी तोंड उघडलं आणि मिटलं. सूर काही निघाला नाही. शेवटी थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या वाट्याचं गाऊन घेतलं, आणि चहा ओतताना ऐकवलंही, "परक्या भाषेतले चढउतार शिकवतेस, आणि नवऱ्यासाठी एक हेल निघेना तुझा." एजेंना राग आला नाही. काहीच आलं नाही. कडाक्याच्या थंडीत बोटं बधिर होतात आणि आपली वाटत नाहीत, तसं आतून झालं होतं.

काळे कपडे घालून त्या शाळेत परतल्या. थापा होत्या, टापा होत्या, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त गुणगुणण्याच्या खेळात वर्ग चुकायला लागला. एजे प्रश्न गुणगुणत आणि मुलं एकमेकांची तोंडं बघत बसत. पोरं मठ्ठ झालीत, असं एजेंनी ठरवून टाकलं.

नववीतली आयझिरेक तेवढी मठ्ठ नव्हती. नारिनच्या निवासी शाळेत निवड व्हायची होती, आणि मुलाखत सगळी इंग्रजीत, तोंडी. आईने तिला सांगून ठेवलं होतं, निवड झाली तर शीक, नाहीतर घरी बसून धाकट्यांना सांभाळ. पोरीच्या कानावर इंग्रजी पडायचं ते एकट्या एजेंचं. घरी ना इंटरनेट, ना धड वीज.

तालमीला परीक्षक म्हणून एजेंखेरीज दुसरं माणूस हवं, म्हणून नाइलाजाने नुरझातला बोलावलं. आयझिरेक उभी राहिली आणि म्हणाली, इथे येऊन मला फार आनंद झाला. शब्द चोख, टापा चोख. नुरझात हसली.

"अगं, आनंद झालाय की घरात कुणी गेलंय?"

"एजे म्हणतात तस्संच म्हटलं मी," आयझिरेक म्हणाली.

नुरझातचं हसू जागच्या जागी विरलं. ती शेगडीत कोळसा सारू लागली. एजेंनी तेच वाक्य स्वतः म्हणून पाहिलं, आणि या खेपेला कान देऊन ऐकलं. वाक्य जिथे वर चढायचं तिथे चढलं नाही. सपाट गेलं आणि शेवटी खाली बसलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा बसलं. वर कसं न्यायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. नेता येत नव्हतं.

"उद्यापासून तू हिच्याकडे जायचं," त्या आयझिरेकला म्हणाल्या.

"तुम्ही रागावलात का, एजे?"

"नाही गं. माझं ऐकशील तर घरी बसशील."

"एजे," नुरझात हळूच म्हणाली, "माझे पाय कच्चे आहेत ना?"

"आहेतच. पण तुझा घोडा जिवंत आहे. ने तिला."

हे बोलताना आपल्याला लागायला हवं होतं, एवढं एजेंना कळत होतं. बावीस वर्षांचा दिमाख त्यांनी नुरझातच्या हाती देऊन टाकला, आणि बदली शिक्षकाला खडू द्यावा तितकंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आयझिरेकचा आवाज येत होता. चुकत होती, हसत होती, आणि वाक्य वर चढत होतं. एजेंनी ते चांगलं ओळखलं. त्यांच्यासमोर उरलेला अख्खा वर्ग बसला होता, हात बाकावर, त्या काय म्हणतात त्याची वाट बघत. एवढ्या सगळ्यांना कुणाकडे पाठवायचं? एजेंनी वाक्य म्हटलं. मुलांनी मन लावून, एका सुरात, जसंच्या तसं म्हटलं.