बुडबुड्यांवरची नजर

दादा काही बोलण्याआधीच मला कळलं. गेले काही महिने साजगावहून येणाऱ्या प्रत्येक फोनमागे ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर आणि त्याला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्याची बुडबुड ऐकू यायची; त्या सकाळी त्याच्या आवाजामागे काहीच नव्हतं. "रंजना गेली गं," एवढंच तो म्हणाला, आणि कर्जतच्या माझ्या स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून मी त्या शांततेला कान लावून उभी राहिले… पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊनही आता काही आठवडे लोटले. ती शांतता कानातून जात नाही.

रंजनावहिनी मोहोपाड्याहून लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. वर्षभरातच ती साजगावच्या एका कारखान्यात कामाला लागली. शीतगृहांना आणि एसीच्या यंत्रांना लागणाऱ्या कॉइल तिथं बनतात. ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पात्यांची चळत लावायची आणि त्यांच्या भोकांतून तांब्याच्या लांब नळ्या ओवायच्या, हे तिचं पहिलं काम. पात्यांच्या कडांनी तिच्या बोटांवर केसाएवढ्या बारीक, लाल रेघा उमटत. संध्याकाळी कालवणात चिमटीनं मीठ टाकताना ती हलकेच श्वास आत ओढायची. इतक्या पात्यांना नळ्या चिकटवता कशानं, असं मी एकदा विचारलं तेव्हा ती हसली. "चिकटवतंय कोण? मधे डिंक नाय, डाग नाय. ओवलेली नळी आधी सैल असते, नुसती खुळखुळते. मग तिच्यातनं पोलादाची गोळी रेटायची. नळी आतनं फुगते नि सगळ्या पात्यांना धरून बसते. मग सोडवून दाखव कुनी." जरा थांबून म्हणाली, "मी पन या घरात पयल्या वर्षी खुळखुळतच होते गं बाय." दारातून दादानं विचारलं, "मग ती गोळी कोन, मी?" वहिनीनं मानही वळवली नाही. "तुमी? तुमी पातं. हात लावला की वाकता."

नळ्यांची उघडी टोकं तांब्याच्याच वळणदार तुकड्यांनी एकमेकींना जोडायची आणि त्या सांध्यांना गॅसच्या ज्योतीवर धातू वितळवून डाग द्यायचा, हे काम पुरुषांचं मानलं जाई. वहिनीनं ते हट्टानं मागून घेतलं. एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन मी गेले होते, तेव्हा तिला ज्योतीसमोर पाहिलं. तांबं आधी मोरपिशी झालं, मग जास्वंदीसारखं लाल, आणि नेमक्या त्या क्षणी तिनं सळई टेकवताच वितळलेला धातू सांध्याभोवती आपसूक ओढला गेला, तहानलेल्यानं ओंजळ ओठांना लावावी तसा. पुढे ती कॉइल हवा भरून पाण्याच्या टाकीत सोडली. वहिनी काठावर वाकली आणि तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. सांधा कच्चा असला तर तिथून बुडबुड्यांची सर निघते. बुडबुडा म्हणजे गळती. तिच्या आयुष्याचा हाच नियम होता. पाणी निश्चल राहिलं तेव्हा ओल्या कॉइलवर थाप मारून ती म्हणाली, "पास." हा शब्द पुढे आमच्या घरातच राहायला आला. भाकरी टम्म फुगली की पास. दादानं दाढी नीट केली की पास. माझ्या कविताही ती डोळे मिटून ऐकायची आणि मनाला आलं तर तेवढंच म्हणायची… नाही आलं तर म्हणायची, "गळतीय कुठंतरी. बघ परत."

मग तिला दम लागू लागला. आधी टाकीच्या काठावर, मग ओट्याशी, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टरांनी फुप्फुसांचं नाव घेतलं. कारणाचं नाव कुणीच घेतलं नाही. काम सुटलं आणि यंत्र घरी आलं. त्यातला प्राणवायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नळीत येई आणि नळी तिच्या नाकाशी. सुरुवातीच्या दिवसांतच दादा अंगणातून आत आला तर यंत्राचा खटका बंद, आणि वहिनीचे ओठ निळसर. ग्लानीत तिला बुडबुडे दिसले होते आणि तिचा हात खटक्याकडे गेला होता. "गळत होतं वो," धाप थांबल्यावर ती ओशाळून म्हणाली. घाबरलेल्या दादानं तिचाच कारखान्यातला रुमाल बाटलीवर टाकून ठेवला. काही दिवस तिनं ते चालू दिलं. मग एका दुपारी तिनंच तो ओढून काढला. "झाकू नका. आता उलटं शिकायचंय मला."

शेवटची भेटले तेव्हा ती बरीचशी शिकली होती. कर्जतहून बसनं पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. उशाला बसले तर तिनं डोळे न उघडता माझा हात चाचपला. त्या बोटांवरच्या रेघा केव्हाच भरून आल्या होत्या. कातडी नव्या बाळाच्या कातडीसारखी मऊ लागली आणि मला ते सोसेना.

"येतायत का गं?" तिनं विचारलं.

"येतायत, वहिनी."

"सारखे?"

"सारखे."

"मग ऱ्हाऊ दे."

ती झोपली. मी संध्याकाळपर्यंत त्या बाटलीकडे पाहत बसले. एक बुडबुडा फुटून दुसरा वर येईपर्यंत माझाही श्वास अडत होता, हे उठताना लक्षात आलं.

यंत्र भाड्याचं होतं, ते गेलं. बाटली मात्र दादानं खिडकीत ठेवून घेतली आहे. रोज सकाळी तो तिच्यातलं पाणी बदलतो. परवा गेले तेव्हा तो खिडकीशी वाकून उभा होता, दोन्ही हात कट्ट्यावर टेकून, अगदी ती टाकीवर वाकायची तसा. मीही शेजारी जाऊन उभी राहिले. दूरवर हायवेची गाज होती. बाटलीतलं पाणी इतकं निश्चल, की खिडकीचे गज त्यात सरळ दिसत होते. एकही बुडबुडा नव्हता. आम्ही दोघं पाहत राहिलो… 'पास' म्हणायला कुणाचीच जीभ रेटली नाही.