चाकांवरची खोली

दाना ओली या आमच्या गल्लीतल्या शेजारच्या काकांनी भंगारातून एक जुनी, जीपमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली आणली. तिचा आतला भाग ते अंगणात स्वतःच दुरुस्त करायचे. लाकूड घासलं की येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "हात तर लावून बघा, एकदम चिकनं!"

आतल्या पलंगाला पॉलिशही झालं. पण गुडघेदुखीमुळे काकूंना त्यावर चढता येईना. "रहने दो, मी खुर्चीत बसेन," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी पलंग उखडला आणि पाय कापून ठेंगणा केला.

परवा ओरछ्याला फिरायला निघण्याआधी काकू त्यावर सहज टेकल्या. मग खिडकीतून सगळ्या गल्लीला ओरडून म्हणाल्या, "यांनी बनवलाय, बरं का!" काका मान खाली घालून टायर तपासत होते. त्यांचे कान मात्र लाल झाले होते.