न मोजता

शहाण्णव साली, पत्नी गेल्यानंतर, इंदापूरजवळच्या बालगृहात एक दिवस मदतीला गेलो. दुःखाबद्दल तिथे कुणाशीच बोललो नव्हतो. दुपारी मुलांना भिगवणला पाणपक्षी दाखवले. परतताना टेम्पोत मुले मोजली: एकोणीस, मग बावीस, पुन्हा एकोणीस. कार्टी मुद्दाम जागा बदलत होती. वीस आणली होती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

सोबतचे म्हातारे राखणदार पूर्वी मेंढरे राखायचे. तंबाखू मळत त्यांनी टेम्पोत एकदाच पाहिले.

“नकटी पोरगी न्हाय. बाभळीमागं बघा.”

ती तिथेच हसू दाबत बसली होती.

“न मोजता कसं कळलं, आबा?”

“मोजायचं कशाला, मास्तर? जे न्हाय, त्येच आदी दिसतं.”

मग तशीच नजर माझ्यावर टाकून त्यांनी विचारले, “तुमचं कोण न्हाय?”