उभा ठेवलेला गहू

आमचं वावर अभयारण्याले लागून हाये. काळविटाले सरकारची हद्द समजत नाही. हरणी खुशाल आमच्या गव्हात पिल्लू लपवून ठेवते अन् दूर चरत राह्यते. गहू सोंगताना असं पिल्लू दिसलं, की त्याच्या भोवतालचा गहू उभा सोडाचा, तिकडं पाह्यचं नाही, अन् कोणाले सांगाचं नाही. ही आमच्या मायची शिकवण. लहानपणी माहा भाऊ तं अशा पिल्लासाठी वावराच्या कडेले धुऱ्यावर कुत्रे हाकलत बसे. भाकर खायलेही घरी येत नव्हता.

औंदा सोंगणीत पिल्लू निंगालं. कान चिकटवून, श्वास चोरून पडलेलं. म्या इळा मागं घेतला अन् खाटेएवढा तुकडा सोडून दिला.

त्याच दुपारी भाऊ जेवाले आला. आता तो कारंज्याहून अभयारण्य पाहाले येणाऱ्या गाड्यांवर गाईड हाये. सोंगलेल्या वावरात उभा तुकडा पाह्यला अन् हसला. त्याले काय सांगाचं, एकाच मायचे लेकरं आमी! तरी म्या म्हटलं, "बाबू, कोणापाशी बोलू नको बरं."

"काय ताई, मले शिकवतं का आता?" म्हणत त्यानं माह्याच ताटातली भाकर मोडून घेतली.

दुसऱ्या सकाळी वावरात गेली, तं गव्हात कॅमेरेवाले! अन् दोन्ही हातानं गहू बाजूला सारून दाखवणारा माहा सख्खा भाऊ. "जवळून घ्या साहेब, हे पळत नाही," म्हणे. एका बाईनं तं पिल्लाले कुरवाळलं. धुऱ्यापलीकडं हरणी उभी होती. पाह्यता पाह्यता निंगून गेली.

"मुडदा बशिवला तुहा!" मी वरडली. सख्ख्या भावाले असं बोलू नाही, पण निंगालं तोंडातून. कुंपणानंच शेत खाल्लं, तं बोलू काय?

दिवसभर मी दूरच्या निंबाखाली बसली. हरणी आली नाही. पिल्लू उठून, लटपटत मायले हाका मारत राह्यलं. सकाळी ते तिथंच मरून पडलं होतं. म्या रडत रडत तो तुकडा सोंगला.

दुपारी भाऊ पाव्हण्यांची दुसरी गाडी घेऊन हजर. "ताई, गहू काहून कापला व? मी पाव्हणे आणले ना!"

"पिल्लू मेलं," म्या सांगितलं.

तो गाडीकडं पाहून हळूच म्हणे, "दुसरं दिसलं तं सांगजो."

म्या सांगाची गरजच कुठं हाये? आता पिल्लू दिसलं, तं गहू उभा ठेवाचीच मले भीती वाटते. तो तुकडा त्याले लांबूनच ओळखू येते, अन् ओळखाले शिकवलं आमच्याच मायनं.