दारापेक्षा मोठा कंदील

दसरा झाला की समोरच्या घरातले काका बांबूच्या काड्या तासायला बसतात. घरात ते आणि काकू दोघंच, पण आकाशकंदील घरीच करायचा, हा त्यांचा दरवर्षीचा हट्ट. गॅलरीत ऊन चटकतं म्हणून यंदा त्यांनी सगळा पसारा हॉलमध्ये मांडला. काकूंनी खळ शिजवली, काकांनी गुलाबी पतंगाचा कागद ताणून चिकटवला. आज संध्याकाळी कंदील उचलून दोघं गॅलरीकडे निघाले आणि दारातच अडकले. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. छे!

"अहो, दार बघून तरी करायचा!"

"करताना दार कोण बघतं?" काका म्हणाले, आणि दोघं असे हसत सुटले की इकडे खिडकीत मलाही हसू आवरेना.

खरंच, हौसेच्या भरात कोण मापं घेत बसतं? मी दुकानातून घडीचा कंदील आणलाय. तो कुठल्याही दारातून निमूट बाहेर जातो. त्याला टांगताना आमच्याकडे कुणी हसलंही नाही.

काडी मोडायला काका तयार होईनात. शेवटी त्यांनी हॉलमधला पंखा उतरवला आणि त्याच हुकाला कंदील टांगला. बटण दाबताच भिंती, काकांचा बनियन, काकूंचे पांढरे केस, सगळं गुलाबी झालं.

"आता दिवाळीभर उकडणार," पदराने वारा घेत काकू म्हणाल्या. पण त्यांची नजर काही वरून हलेना.